एकाचा फोटो, बाकीच्यांचा एक्स

कोजागिरीला दोन-तीन दिवस होते. भरती नऊच्या सुमारास भरणार म्हणून आम्ही अंधारातच निघालो होतो. अलिबागजवळच्या अक्षीच्या सुरूच्या बनातून बाहेर पडलो तेव्हा उन्हाला नुकती धार यायला लागली होती. किनाऱ्यावर गर्दी होती. पक्ष्यांची नव्हे, आमची. आदल्या संध्याकाळी कुणीतरी पक्षी पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर ग्रेट नॉट ह्या आपल्याकडे क्वचित दिसणाऱ्या पक्ष्याचा फोटो लोकेशनसकट टाकला होता आणि रात्रीतून तो जिथे जिथे पोचायचा तिथे पोचला होता. ओल्या वाळूवर ट्रायपॉडांची रांग, मोठाल्या लेन्सांवर हिरवट कापडी खोळी, कुजबुजत बोलणारी माणसं. सगळ्यांचा रोख एकाच जागी. पाणी आणि कोरडी वाळू यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर सँड प्लोव्हरचा भलामोठा थवा बसला होता आणि त्याच्या कडेला, एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, एक करडा, गुबगुबीत, आजूबाजूच्यांपेक्षा बराच मोठा पक्षी झोपला होता. अधूनमधून एक डोळा किलकिला करायचा आणि परत मिटायचा. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याने निदान उठून उभं तरी राहावं, असं रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात असणार. त्याने ते केलं नाही.

तासाभराने फोटो झाले, लोक पांगले. माझा मित्र वाळूत ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसला आणि मोबाइलवर यादी भरायला लागला. "ग्रेट नॉट, एक. फोटो जोडतो. ऑयस्टरकॅचर सहा. टेरेक सँडपायपर दोन. सँड प्लोव्हर?" मी म्हटलं, "बरेच आहेत." "मग एक्स," तो म्हणाला आणि पुढच्या पक्ष्यावर गेला. ईबर्डवर, म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी जिथे जगभरचे लोक टाकतात त्या संकेतस्थळावर, यादी भरणाऱ्यांना हा एक्स माहीत आहे. पक्षी होता, किती होते ते विचारू नका, एवढाच त्याचा अर्थ. नियमात बसणारी गोष्ट आहे आणि माझा मित्र काही आळशी माणूस नाही; पहाटे तीनला उठून आलेला माणूस आळशी कसा म्हणायचा? शिवाय ऊन चढत होतं, वाळूवरची हवा थरथरायला लागली होती आणि मोजायचे म्हटले तरी त्या थव्याला धड कडा नव्हती. पण एका पक्ष्याचे पन्नास फोटो आणि शेकडो पक्ष्यांना मिळून एक फुली, हा हिशोब मला परतीच्या वाटेवर खुपत राहिला.

अजूनही खुपतो.

सँड प्लोव्हर हा तसा कुणी मान वळवून पाहावा असा पक्षी नाही. थंडीतल्या पिसांत तर नाहीच. वरून मातकट, खालून पांढरा, काळी आखूड चोच, आणि चेहऱ्याच्या मानाने जरा जास्तच मोठे, काळेभोर डोळे. ते डोळे का एवढे मोठे, हे त्याला खाताना पाहिलं की कळतं. सँडपायपर चिखलात चोच खुपसून चाचपडत खातात. त्यांच्या चोचीच्या टोकाला स्पर्शाची जाण असते, गॉडविटसारखे पक्षी तर लांब चोचीचं फक्त टोक चिखलाच्या आत उघडू शकतात. प्लोव्हरचं सगळं काम नजरेवर चालतं. पाच-सहा पावलं भरभर धावायचं, एकदम थांबायचं, मान किंचित तिरकी करायची, आणि टिपायचं किंवा नाही टिपायचं. त्या सकाळी लोक गेल्यावर थव्यातले काही जण आमच्या बाजूला सरकले. ओहोटी लागली होती आणि उघड्या पडलेल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी गोळ्या करून ठेवायला सुरुवात केली होती. बिळापासून निघालेल्या रेषांत, एकाला लागून एक, मोहरीपासून वाटाण्यापर्यंत आकाराच्या गोळ्या. एक प्लोव्हर त्या नक्षीच्या कडेला येऊन थांबला. खेकडा बिळात. पक्षी हलेना. वाऱ्याने त्याच्या पाठीवरची पिसं जरा उचलली, तेव्हा दिसलं की प्रत्येक पिसाला फिकट, बदामी किनार आहे. कोरी, न झिजलेली. म्हणजे ह्याच उन्हाळ्यात अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू. खेकड्याने बिळाच्या तोंडाशी एक पाय काढला आणि खेळ संपला. एक पाय वाळूवर राहिला, बाकीचा खेकडा गेला.

हे पिल्लू कुठून आलं असेल, ह्याचा अंदाज आता थोडा जास्त नेमका करता येतो. पूर्वी ज्याला आपण सरसकट लेसर सँड प्लोव्हर म्हणायचो त्याच्या 2023 साली दोन वेगळ्या जाती मानल्या गेल्या, सायबेरियन आणि तिबेटन. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक तिबेटन. तिबेटचं पठार, पामीर, हिमालयाच्या पलीकडची उघडीबोडकी माळरानं, समुद्रसपाटीपासून 4,000 मीटर आणि त्याहून वर, तिथे ते घरटी करतात. जमिनीतला एक खळगा, त्यात अंडी, आजूबाजूला दगड आणि वारा. आणि ऑगस्ट उजाडला की तिथून उतरून थेट समुद्राच्या पाण्याच्या रेषेवर. हिमालय ओलांडून आलेला पक्षी अलिबागजवळच्या वाळूवर खेकड्याचा पाय ओढतो आहे, आणि आपण त्याला फुली मारतो.

आता ग्रेट नॉटला कमी लेखायचं आहे असं नाही. तो पाहताना मलाही धडधडलंच. लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेली जात, काय असतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको: स्कोपच्या भिंगात पक्षी येतो, मेंदू नाव उच्चारतो आणि छातीत काहीतरी हलतं. मी त्या सुखाच्या वरती गेलेलो नाही आणि जायची इच्छाही नाही. शिवाय त्या पक्ष्याची गोष्ट मोठीच आहे. तो पूर्व सायबेरियातल्या डोंगराळ टुंड्रात जन्मतो. त्याचे बहुतेक भाऊबंद पीत समुद्राच्या चिखलांवर थांबून, खाऊन, फुगून ऑस्ट्रेलिया गाठतात. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या रोबक बे आणि एटी माइल बीचवर ते हजारोंनी असतात. थोडेसे पश्चिमेचा रस्ता धरतात, आपल्या किनाऱ्यांवर येतात, काही ओमान-अमिरातींपर्यंत पोचतात. म्हणजे अक्षीचा तो झोपाळू पक्षी वाट चुकलेला होता असं मुळीच नाही. तो त्याच्या वाटेवर होता, ती वाट फक्त कमी वर्दळीची. दक्षिण कोरियात सेमांगउमच्या खाडीमुखावर 33 किलोमीटरहून लांब बांध घातला गेला. 2006 साली तो सांधला गेला आणि आतल्या चिखलाला भरती-ओहोटी मिळेनाशी झाली. तिथे थांबणाऱ्या नॉटांचं काय झालं? पहिला अंदाज साधा होता, शेजारच्या खाड्यांत गेले असतील. शेजारच्या खाड्यांत मोजणी झाली, तिथे ते वाढलेले दिसले नाहीत. ऑस्ट्रेलियात मोजणी झाली, तिथे ते कमी भरले. गेले कुठे, याचं उत्तर असं वजाबाकीतून आलं. 2015 पासून हा पक्षी धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत 'संकटग्रस्त' म्हणून आहे.

ही वजाबाकी करता आली, कारण बांध घालण्याआधी कुणीतरी त्या चिखलात उभं राहून नॉट मोजले होते. तेव्हा ते तिथे ढिगाने होते. ढिगाने असताना मोजले होते, हे महत्त्वाचं.

माझ्या मामाला एकाही वेडरचं, म्हणजे चिखलात-उथळ पाण्यात चरणाऱ्या ह्या किनारी पक्ष्यांपैकी एकाचंही, नाव ठाऊक नव्हतं. नावात त्याला रस नव्हता. त्याच्या लेखी ते सगळे "बारके" होते आणि कर्ल्यू तेवढा "चोचवाला". पण भरती कधी, हे विचारायला गावातली माणसं त्याच्याकडे यायची. तिथीची पाऊणपट करायची, संपला हिशोब. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ, म्हणून नऊला भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मोबाइलवर मिनिटामिनिटाचे तक्ते मिळतात, तरी मी अजून आधी तिथी बघतो आणि मग तक्ता, आणि दोन्ही जमले की बरं वाटतं. उधाणाला पाणी वरपर्यंत येतं, चिखल सगळा झाकतो, आणि खाडीभर विखुरलेले पक्षी एका पट्टीवर दाटीने गोळा होतात. भांगाच्या दिवसांत पाणी अर्ध्यावरूनच फिरतं, पक्षी लांब लांब चरत राहतात आणि माणूस स्कोप घेऊन उगाच वणवणतो. हे मला पक्ष्यांच्या पुस्तकांनी नंतर सांगितलं. मामाने ते मासळीच्या संदर्भात आधीच सांगून ठेवलं होतं. नारळी पौर्णिमेच्या मागेपुढे तो एखाद्या संध्याकाळी म्हणायचा, "बारके आले." आणि काही वर्षी त्याला जोडून, सुपारी कातरत, "अवंदा कमी हायत." कशावरून कमी, हे त्याला सांगता यायचं नाही. पण रोज त्याच काठावरून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यात एक माप तयार होतं, आणि ते माप माझ्या लायफर लिस्टमध्ये कुठेच नाही.

नारळी पौर्णिमेला येणारे "बारके" हे मोठे पक्षी असतात, वयाने. आपल्याकडे आपण पक्षी थंडीत येतात म्हणतो, पण वेडरांचा शरद पावसाळ्यातच सुरू होतो. ऑगस्टमध्ये, पाऊस कोसळत असताना, पहिले थवे उतरतात. विणीची पिसं अजून अंगावर, पण विटलेली, कडा झिजलेल्या. कर्ल्यू सँडपायपरच्या छातीवर विटकरी रंगाचे अर्धवट चट्टे. त्यातही एक क्रम असतो. कर्ल्यू सँडपायपरमध्ये अंडी घालून झाली की नर निघतात. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं मादीकडे. पिल्लं जरा मोठी झाली की माद्याही निघतात. राहतात ती पिल्लं. ती त्यानंतर काही आठवड्यांनी निघतात, मोठ्यांपैकी कुणीही सोबत नसताना, कधीही न पाहिलेल्या रस्त्याने, कधीही न पाहिलेल्या समुद्राकडे. सप्टेंबरच्या शेवटापासून किनाऱ्यावर जी कोऱ्या पिसांची, जरा धीट, माणसाला जवळ येऊ देणारी पाखरं दिसतात ती ही. धीट म्हणजे काय, त्यांनी तोवर माणूस फारसा पाहिलेलाच नसतो.

ऑक्टोबर 2022 मध्ये अलास्कातून निघालेलं बार-टेल्ड गॉडविटचं एक पिल्लू 11 दिवसांनी टास्मानियात उतरलं. पाठीवर उपग्रहाला खुणा देणारा छोटा टॅग होता म्हणून हे कळलं. 13,560 किलोमीटर, मध्ये कुठेही न थांबता. खाली सगळा पॅसिफिक, आणि गॉडविट पाण्यावर बसू शकत नाही. वय साधारण पाच महिने. निघण्याआधी हे पक्षी अंगावर चरबी चढवतात आणि वाटेत खायचं नसल्याने पोटातले पचनाचे अवयव आक्रसून घेतात. पोचल्यावर ते परत वाढवतात. मी ही बातमी वाचली त्या वेळी माझा पुतण्या पहिल्यांदा एकटा मुंबईहून पुण्याला जाणार होता आणि घरात त्यावर चर्चासत्र चालू होतं. गॉडविटचं मी कुणाला सांगितलं नाही. ती वेळ नव्हती.

पण इथेही माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. त्या एका पिल्लाचा आकडा जगभर गेला, आणि जायलाच हवा होता. त्याच्याबरोबर त्याच वाऱ्यात किती निघाले, किती पोचले? विक्रम करणारा पक्षी आपल्याला एक मिळतो. थवा मिळत नाही. दुर्मीळ पक्ष्याचं तसंच. ठाण्याच्या खाडीत, शिवडीला, रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला माणसं होड्या करून जातात, गुलाबी पट्टा दिसला की फोन वर होतात, आणि त्या गुलाबी पट्ट्याच्या अलीकडे, अगदी पायाशी म्हणावं इतक्या जवळ, चिखलावर हजारो करडे ठिपके सरकत असतात. ठाणे खाडीला 2022 साली रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला तो केवळ रोहितांच्या जिवावर मिळालेला नाही, त्यात ह्या करड्या ठिपक्यांचाही वाटा आहे. फोटोत ते बहुधा फोकसच्या बाहेर असतात.

ऑक्टोबर 2024 मध्ये निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, लाल यादी नव्याने जाहीर केली. ती मी वाचली तेव्हा मला आधी वाटलं की यादी चुकून दुसरीच उघडली. नावं अनोळखी नव्हती, हाच प्रश्न होता. ग्रे प्लोव्हर. कर्ल्यू सँडपायपर. ब्रॉड-बिल्ड सँडपायपर. हे तिघे आता 'असुरक्षित' गटात, आणि ग्रे प्लोव्हर तर आधीच्या 'काळजी नको' गटातून थेट दोन पायऱ्या खाली. डनलिन आणि रडी टर्नस्टोन 'धोक्याच्या जवळ'. किनाऱ्यावरची एकूण 16 जातींची पाखरं त्या एका खेपेत खालच्या गटांत गेली. ह्यातला कर्ल्यू सँडपायपर मी आयुष्यात कधीही कुणाला बोट दाखवून, उत्साहाने, "तो बघ" म्हणून दाखवलेला नाही. तो दिसायचाच. तो चिखलाचा भाग होता. आणि तो कमी होतो आहे हे कुणाच्या फोटोंवरून कळलेलं नाही, कळूच शकत नाही. दहा पक्ष्यांचा फोटो आणि दहा हजारांतल्या दहांचा फोटो सारखाच दिसतो. कळलं ते कुठल्यातरी खाडीच्या तोंडावर, दरवर्षी त्याच दिवसांत, तेच कंटाळवाणे पक्षी मोजून आकडा लिहून ठेवणाऱ्यांमुळे.

स्लेंडर-बिल्ड कर्ल्यूचं काय झालं ते बहुतेकांनी वाचलं असेल. मला त्यातली एक गोष्ट सोडत नाही. एकोणिसाव्या शतकात भूमध्य समुद्राच्या काठांवर हिवाळ्यात हा पक्षी नेहमीचा होता. नेहमीचा असल्यामुळे त्याच्याबद्दल फारसं कुणी काही लिहिलं नाही. त्याची घरटी पाहिलेला माणूस एकच, उशाकोव्ह नावाचा रशियन, सायबेरियात ओम्स्कजवळच्या तारा गावाच्या परिसरात, 1909 ते 1925 च्या दरम्यान. त्यानंतर कुणालाच घरटं मिळालं नाही. पुढे पक्षी विरळ झाला, मग दुर्मीळ झाला, आणि मग एकदम सगळ्यांना हवा झाला. मोरोक्कोच्या मेर्जा झेर्गा ह्या खाजणावर हिवाळ्यात येणारे शेवटचे काही पक्षी पाहायला युरोपभरातून लोक जायचे. तिथला शेवटचा, फोटोसकट नोंदलेला पक्षी 25 फेब्रुवारी 1995 चा. नंतर संग्रहालयांतल्या जुन्या पिसांमधल्या रासायनिक खुणा तपासल्या, तेव्हा त्याचं विणीचं मुख्य क्षेत्र बहुधा ताराच्याही दक्षिणेला, कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात होतं असं दिसलं. म्हणजे लोक वर्षानुवर्षं उत्तरेला शोधत होते. ऑक्टोबर 2025 मध्ये तो अधिकृतपणे नामशेष ठरला. जेव्हा तो शेकड्यांनी होता तेव्हाच्या नोंदी आपल्याला हव्या आहेत, आणि आहेत त्या 1995 च्या फोटोच्या. त्याच्या काळात ईबर्ड असतं तर मला खात्री आहे, सुरुवातीची सगळी पानं एक्सने भरलेली असती.

आपल्याकडे मोजणी होते, नाही असं नाही. एशियन वॉटरबर्ड सेन्सस 1987 पासून दर जानेवारीत चालू आहे आणि त्यात ऐन थंडीत उठून जाणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण जानेवारीत मोजला जातो तो इथे राहिलेला पक्षी. शरद म्हणजे जाणाऱ्यांचा ऋतू. सप्टेंबरमध्ये कच्छमधून युरोपियन रोलर, रेड-बॅक्ड श्राइक, स्पॉटेड फ्लायकॅचर असे पक्षी आफ्रिकेकडे जाताना जेमतेम काही दिवस थांबतात आणि वसंतात परतताना बहुतांशी त्या वाटेने येतच नाहीत. चातक पावसाबरोबर येतो हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. तो जातो कधी, हे किती जणांनी पाहिलं आहे? वेडरांमध्येही कित्येक जण आपल्या वाळूवर चार-आठ दिवस पोट भरतात आणि दक्षिणेला सरकतात. आज पाहिलेला थवा उद्या तोच आहे की त्या जागी दुसरा आलेला आहे, हे आकड्याशिवाय कळायला मार्ग नाही, आणि आकडा असूनही पुरतं कळत नाही. त्यात मजा आहे आणि त्यातच वैतागही आहे.

मोजणं शिकायला लागतं. आधी दहा पक्षी खरे मोजायचे, एक-दोन करून. ते दहा किती जागा व्यापतात ती जागा डोळ्यात धरायची. मग तेवढे तुकडे थव्यावरून सरकवत न्यायचे. थवा मोठा असेल तर दहाच्या जागी पन्नास. कडेला पक्षी विरळ असतात आणि मध्ये दाट, तिथे फसगत होते. बसलेल्या थव्यात मागची ओळ पुढच्या ओळीने झाकलेली असते. उडाला की पांढरी पोटं एका क्षणाला सगळी दिसतात आणि पुढच्या क्षणी पाठी होऊन वाळूत विरतात. आणि मोजणी सत्तर टक्क्यांवर आली की हमखास कुत्रं येतं. किंवा वाळूत गाडी घालून चक्कर मारणारी मंडळी. किंवा, आणि हे लिहायला मला जड जातं, आमच्यातलाच कुणी, आणखी चार पावलं, आणखी जरा जवळून, डोळ्यातली चमक यायला हवी म्हणून. भरतीच्या वेळी हे पक्षी उगाच बसलेले नसतात. चिखल पाण्याखाली गेला, खायला जागा नाही, म्हणून ते ताकद राखत बसतात. प्रत्येक उडवलेल्या फेरीचे पैसे त्यांना चरबीत मोजावे लागतात. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. माहीत असून दुर्मीळ पक्ष्यासमोर माणसाचा पाय पुढे पडतो. सर्वसाधारण थव्यासमोर पडत नाही, एवढा मात्र त्या फुलीचा पाखरांना फायदा म्हणायचा.

मित्राशी ह्या विषयावर भांडण झालं नाही. तो ऐकून घेतो आणि मग त्याला पटेल तेच करतो, वीस वर्षांची सवय आहे. "तुला एवढं वाटत होतं तर तू का नाही मोजलेस?" एवढंच म्हणाला, आणि ह्यावर काय बोलणार? नोव्हेंबर लागला, हवा कोरडी झाली. नागालँडकडून येणारे अमूर ससाणे ह्या दिवसांत आपल्या डोक्यावरून अरबी समुद्रात शिरतात, सोमालियाच्या दिशेने, तीनेक हजार किलोमीटर पाणी. त्याच सुमारास आणि त्याच वाऱ्यांवर चतुरांचे ढग मालदीववरून आफ्रिकेकडे जात असावेत आणि ससाणे वाटेत त्यांच्यावर पोट भरत असावेत, असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडलं होतं. ते वाचल्यापासून मी ह्या दिवसांत आकाशाकडे जरा जास्त बघतो. मला अजून समुद्रात शिरणारा ससाणा दिसलेला नाही. मित्राला दिसला की नाही हे त्याने मला सांगितलेलं नाही, पण तो आकाश बघायला म्हणून रेवदंड्याला गेला आणि कुंडलिकेच्या मुखाशी उधाणाच्या भरतीला वाळूच्या दांड्यावर दाटलेले वेडर मोजत बसला, हे मला नंतर कळलं.

कळलं ते असं. संध्याकाळी त्याचा फोन. आवाज चढलेला. "अरे, मेल आलाय." कसला मेल? तर त्याने सँड प्लोव्हरचा आकडा टाकला होता, चांगला दणदणीत, आणि आकडा नेहमीपेक्षा मोठा असल्यामुळे ईबर्डच्या चाळणीत अडकला होता. तपासनिसांनी अतिशय नम्रपणे विचारलं होतं की एवढी संख्या कशावरून, मोजणी कशी केली, फोटो असल्यास जोडावा. "एक्स टाकत होतो तोवर कुणी हूं की चूं केलं नाही! मोजले तर पुरावा मागतात!" मी हसलो, ते त्याला आवडलं नाही. मग त्याने रात्री बसून उत्तर लिहिलं आणि पाठवण्याआधी मला वाचायला दिलं. कुठल्याही दुर्मीळ पक्ष्यासाठी त्याने आजवर एवढं लिहिलेलं नाही. भरतीची वेळ, तिथीसकट. वारा कुठून. दहाचे तुकडे किती, पन्नासचे किती, थवा कुठल्या बाजूला दाट होता, दुसऱ्या फेरीत आकडा किती फरकाने वेगळा आला आणि त्यातला कमी आकडा का धरला. शेवटच्या ओळीत त्याने व्यत्ययाची नोंदही केली होती: थवा उडवणारी कुत्री चार, त्यातलं एक तीन पायांचं आणि सगळ्यात चपळ.